आधी पायाचा आवाज

पिनार देल रिओ
मंगळवार, ५ मार्च १९९६

एवेलिओ,

पिनारमध्ये तुझं कुणी नाही, असं तू म्हणालास म्हणे. आणि म्हणालास कुणाला, तर उबाल्दोला! तुमच्या ओल्गीनच्या बेसबॉल टीमची बस हाकणारा तो ढेरपोट्या. त्याच्या तोंडात गरम कॉफी टिकत नाही, तिथे दुसऱ्याची गोष्ट टिकणार आहे का? आज स्टेडियमच्या फाटकावर वीस माणसांसमोर मी त्याला सरळ विचारलं, "आमचा एवेलिओ कसा आहे?"

तर म्हणतो, "कुठला एवेलिओ? गाद्यांच्या कारखान्याच्या गेटवर बसतो तो? त्याचं पिनारमध्ये कुणी नाही. स्वतःच म्हणाला."

"मी त्याची सख्खी बहीण आहे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग बाई, ते कुणी नाही म्हणजे तुम्हीच."

सगळे हसले. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मीही हसले असते.

कुणी नाही काय रे? आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास आणि मी नऊची. तिसरीतून शाळा सोडली ती कुणाच्या चड्ड्या धुवायला? दोन वर्षांत तुझी एक ओळ नाही. मीही लिहिली नाही, ते मला माहीत आहे, ते तू सांगायला नको. मला एक पान लिहायला अर्धा तास लागतो. तू शिकलेला आहेस.

आणि अंपायरचं काम सोडलंस म्हणे. चव्वेचाळिसाव्या वर्षी गेटवर बसून लोकांच्या पिशव्या बघतोस. का सोडलंस ते मी विचारत नाही. मला काय.

आता कामाचं. दफनभूमीच्या कचेरीतून कागद आला आहे. बाबांना दोन वर्षं पुरी होतात, हाडं काढायची. शनिवार, १६ तारीख, सकाळी आठ. घरचं कुणी आलं नाही तर हाडं सगळ्यांच्या खड्ड्यात जातात. मी जाणारच आहे. पण आजोबांची काढली तेव्हा डोकं बाबांनी हातात घेतलं होतं. कापडाने पुसलं, पावडर लावली, आणि डब्यात सगळ्यात शेवटी ठेवलं. मुलाचं काम आहे ते. बाबांच्या डोक्याला मी हात लावणार नाही. का, ते विचारू नकोस.

तुमची टीम आठवडाभर इथे आहे, शुक्रवार सोडून रोज सामना. रविवारी सामना संपला की बस निघते. तोवर रोज थोडं लिहीन आणि सगळं एका पाकिटात घालून उबाल्दोच्या हाती देईन. पाकीट डिंकाने नीट चिकटवून.

सामना दोनला सुरू होतो, कारण दिवे लावायला वीज नाही. मी साडेसहाला कारखान्यात बसते, मान वर करत नाही, दीडला दिवसाच्या आकड्याचे सिगार वळून मोकळी. आम्हाला वाचून दाखवणारा मास्तर वर बसून कादंबरी वाचत होता. आज बाईने विष प्यायलं, की पिणार होती, माझं लक्ष नव्हतं. बोटांना तंबाखू तसाच ठेवून स्टेडियम गाठलं. आपण हरलो. दोन-पाच. आठव्या डावात आपल्या पिचरचा हात दगड झाला आणि मॅनेजर त्याला बदलेना. "अरे, त्याला घरी पाठव, त्याची बायको वाट बघते!" असं मी इतकं ओरडले की तुमच्या पिचरनेसुद्धा वर पाहिलं.

मी आपल्याच जागी बसते. पहिल्या बेसच्या मागे, सहावी पायरी. बाबांची जागा माझ्या डाव्या हाताला, रिकामी. कितीही गर्दी असो, तिथे कुणी बसत नाही. पिनारच्या लोकांना बाकी देश खुळे म्हणतो, पण मान राखणं आम्हाला कळतं.

आर्सेनिओ नावाचा एक तंबाखूची पानं निवडणारा मागच्या पायरीवर असतो. त्याचा इथे काही संबंध नाही. उगीच लिहिलं.

बुधवार, ६ मार्च

जिंकलो. सात-एक. उबाल्दो फाटकावर दिसला तेव्हा मी म्हटलं, "काय, आज पोट दुखतंय वाटतं?" तर म्हणतो, "तुम्ही पिनारवाले एक सामना जिंकलात की थिएटर बांधता, आणि काँक्रीटचं यंत्र आतच विसरता." हा विनोद माझ्या जन्माआधीचा आहे. तुमच्या ओल्गीनला नवे विनोद पोचत नाहीत का?

आता एक सांगते. हसलास तर हस.

मिग्दालिया आठवते ना, कागदाच्या सुरळीत कॉफी विकते ती? आता कॉफीत अर्धे वाटाणे असतात, पण तीच विकते. पाचव्या डावात ती माझ्याजवळ वाकली आणि म्हणाली, "सेनाइदा, जरा हळू सांग गं. खालचे लोक कंटाळले."

"काय हळू सांगू?"

"हेच. कोण पळाला, कुठे फेकला, कुणी पकडला. दोन वर्षं झाली. लोक म्हणतात, बाईला बोलू दे, पण तिच्या बाजूला बसायला नको."

मला वाटत होतं मी मनात सांगते.

म्हणजे ती जागा मान म्हणून रिकामी नाही. माझ्यामुळे रिकामी आहे.

बाबांचे डोळे साखरेने गेले तेव्हापासून सहा वर्षं मी त्यांना प्रत्येक सामना सांगितला. ते माझी डावी बाही धरून बसायचे. तीस वर्षं त्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारलेला माणूस, खिशात चुना असायचाच, माझी बाही कायम पांढरी. चेंडू मारला की बाहीला एक हिसका. "काय झालं, पोरी?" मी सांगायची. मग पुन्हा हिसका. मी चिडायची, "अहो, दम धरा, अजून पळतोय तो!" सवय आहे ती. जीभ सवयीने चालते. त्यात भुताखेताचं काही नाही.

पण आज घरी येऊन ब्लाउज काढला, तो काळा, तर डाव्या बाहीवर चुना होता. मैदानाची रेघ सहाव्या पायरीपासून किती लांब आहे ते तुला माहीत आहे. वारा नव्हता. बाही मी दोनदा धुतली, साबणाशिवाय, नुसती चोळून. साबण महिनाभर आलेला नाही.

गुरुवार, ७ मार्च

आज सामन्याचं काही सांगत नाही. हरलो की जिंकलो ते उबाल्दोला विचार.

तोंड घट्ट मिटून बसले. दातात रुमाल धरला. पहिला डाव गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात तुमच्या माणसाने जमिनीसरपट मारला, आपल्याने उचलून पहिल्या बेसला फेकला, पळणारा आणि चेंडू जवळजवळ एकदमच पोचले. आणि डाव्या बाहीला हिसका बसला.

"काय झालं, पोरी?"

मी बाजूला पाहिलं नाही. पाहिलं असतं तर एकतर बाबा असते किंवा नसते, आणि दोन्ही मला सोसलं नसतं. रुमाल दातात होता तरी मी म्हटलं, "आउट." बरोबर होतं, चेंडू केसभर आधी होता, आउटच होता. पण आवाज गेला नाही. "परत सांग," म्हणाला. "परत सांग, कसं झालं."

हे 'परत सांग' कुठलं ते तुला माहीत नाही. तुला माहीत नाही कारण तू त्या नऊ दिवसांत घरात नव्हतास.

तो सामना तुला मी सांगायला नको. हवानावाले समोर, आपण एक धावेने पुढे, त्यांचे दोन बाद, शेवटचा डाव, त्यांचा एक माणूस तिसऱ्या बेसवर. एक आउट आणि आपण अंतिम फेरीत. जमिनीसरपट चेंडू, पहिल्या बेसला थ्रो, आणि पहिल्या बेसचा अंपायर कोण, तर फेर्मीन रेघवाल्याचा मुलगा. तू हात पसरलेस. सेफ. बरोबरी झाली, पुढच्याच चेंडूवर त्यांनी आणखी एक धाव काढली, आणि आपण हरलो.

बाही ओढली गेली. मी सांगितलं, "सेफ दिला, बाबा! ढळढळीत आउट होता, आणि सेफ दिला!" मग बाबा उभे राहिले, काठी वर केली, आणि ओरडले, "विकला गेलास!" आंधळा बाप पोटच्या पोराला. सगळं स्टेडियम ते घेऊन बसलं. तू ऐकलंस. तू मान वर केली नाहीस, पण तू ऐकलंस.

त्या दिवसानंतर बाबा नऊ दिवस जगले आणि रोज विचारायचे, "परत सांग, कसं झालं." सकाळी एकदा, मी कामावरून आले की एकदा, झोपायच्या आधी एकदा. मी सांगायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, चेंडू बोटभर आधी होता. तिसऱ्या दिवशी वीतभर. सहाव्या दिवशी मी म्हटलं, पळणाऱ्याचा पाय अजून हवेत होता, बुटाचा तळवा मला दिसला, तळव्याला लाल माती होती. ते मान हलवायचे.

तू तीन वेळा दारात आलास. मी कडी काढली नाही. फटीतून म्हणाले, "बाबा म्हणतात, याला आत घेऊ नकोस." बाबा तसं म्हणाले नव्हते. दोनदा ते झोपलेले होते. तिसऱ्यांदा जागे होते, त्यांनी विचारलं, "दारात कोण होतं?" मी म्हटलं, "शेजारीण. मीठ मागत होती."

आता तू हे पान फाडशील. फाड. पण पुढचं वाचून मग फाड.

शुक्रवार, ८ मार्च

आज बायकांचा दिवस. कारखान्यात प्रत्येकीला एक फूल दिलं, कागदाचं, मॅनेजरने भाषण केलं, मास्तरने कविता वाचली, सगळ्यांनी पानं कापायची पाती मेजावर आपटून टाळ्या दिल्या. मी फूल घेऊन दफनभूमीवर जाणार होते. पाय स्टेडियमकडे गेले.

सामना नव्हता. तुमची टीम सराव करत होती. पायऱ्यांवर कुणी नाही. ढोल नाही, घंटा नाही, भांडी-पातेली बडवणाऱ्या त्या चार बहिणी नाहीत. मी सहाव्या पायरीवर बसले आणि डोळे मिटले.

तुला आपलं अंगण आठवतं? साखरेच्या पोत्यात वाळू भरून बाबांनी बेस केला होता. मी पळायची, अनवाणी, तेरा वर्षांची घोडी. बाबा चेंडू भिंतीपाशी उभ्या असलेल्या काकाच्या ग्लोव्हमध्ये फेकायचे. तू मध्ये उभा, डोळ्यांवर माझी ओढणी बांधलेली. "अंपायरचा डोळा बेसवर आणि कान ग्लोव्हवर," बाबा म्हणायचे. "दोन जागी एकदम बघता येत नाही. पाय दिसतो, चेंडू ऐकू येतो. आधी कान शिकव, डोळा आपोआप शिकेल." तू ओरडायचास, "आधी पाय, सेफ!" किंवा "आधी ग्लोव्ह, आउट!" आणि तू कधी चुकत नव्हतास. मला राग यायचा. मी मुद्दाम दबकून पाय टाकायची, तरी तुला कळायचं.

आज तुमची पोरं पहिल्या बेसवर तोच सराव करत होती. एक पळतो, एक फेकतो. मी डोळे मिटून ऐकलं. पाय पडतो तो ढप्प, ओल्या पिशवीसारखा. ग्लोव्ह वाजतो तो फट्, फळी मोडल्यासारखा. ढप्प, फट्. फट्, ढप्प. इतकं स्पष्ट, एवेलिओ. सहाव्या पायरीवरून इतकं स्पष्ट.

आता ऐक. मी एकदाच लिहिणार आहे.

त्या दिवशी मी बघत नव्हते.

चेंडू मारला तेव्हा माझी पाठ मैदानाला होती. आर्सेनिओने मागच्या पायरीवरून कॉफीची सुरळी पुढे केली होती. म्हणाला होता, "गोड आहे, माझ्या वाट्याची साखर घातली आहे." तेव्हा साखर कशी मिळायची तुला माहीत आहे. मी वळून हसत होते. सेहेचाळीस वर्षांची बाई, बाजूला आंधळा बाप, नवरा सोडून अकरा वर्षं, आणि एक माणूस मला त्याच्या वाट्याची साखर देतो, म्हणून मी हसत होते. तेवढ्यात लोक ओरडले, "आउट! आउट! चोर!" मी वळले तर तुझे हात पसरलेले होते. बाही ओढली गेली, "काय झालं, पोरी?" आणि लोक जे ओरडत होते तेच मी त्यांना सांगितलं. माझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं.

मी बोटभर पाहिलं नाही. वीतभर पाहिलं नाही. बुटाचा तळवा पाहिला नाही. लाल माती मी कुठून आणली ते देव जाणे.

हेही सगळ्यात वाईट नाही. सगळ्यात वाईट हे. नवव्या दिवशी सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते. ते म्हणाले, "पोरी, एवढ्या गोंगाटात मला पायाचा आवाज आधी आल्यासारखा वाटला होता."

मी तोंड पुसत राहिले.

ते म्हणाले, "पण मी म्हातारा झालो. तू पाहिलंस. तू पाहिलंस म्हणजे तसंच असणार."

आणि पुन्हा म्हणाले नाहीत, परत सांग. दुपारी गेले.

आयुष्यभर ज्या कानांवर त्यांनी तुला वाढवलं, ते कान त्यांनी शेवटच्या दिवशी माझ्यासाठी खोटे ठरवले. म्हणून मी डोक्याला हात लावणार नाही. कळलं आता?

मग बाबांच्या शवपेटीपाशी चार लोकांसमोर तुला मी 'विकलेला' म्हणाले. तू टोपी उचललीस आणि गेलास. मला तेव्हाच सांगता आलं असतं. तू फाटकापर्यंत पोचेपर्यंत वेळ होता. मी मोजत होते तुझी पावलं.

तो काँक्रीटच्या यंत्राचा विनोद माझ्यावरच आहे. भिंत पुरी बांधून झाल्यावर मला कळलं की आत काय राहिलं.

शनिवार, ९ मार्च

आर्सेनिओशी बोलले. दोन वर्षांनी. सामना सुरू व्हायच्या आधी वळले आणि विचारलं, "त्या दिवशी तू तरी पाहिलंस का? पाय आधी की चेंडू?"

त्याने टोपी काढली. केस राहिले नाहीत बिचाऱ्याचे. म्हणाला, "सेनाइदा, मी तुझ्याकडे बघत होतो."

घ्या. दोन धडधाकट माणसं, चार डोळे, आणि पाहिलं फक्त तुझ्या दोन डोळ्यांनी आणि ऐकलं एका आंधळ्याने.

"मग इतकी वर्षं गप्प का बसलास?" मी म्हटलं.

"तू म्हणालीस आउट. मला वाटलं, मी हसवायच्या आधी तू पाहिलं असशील."

"मूर्ख."

"हो," म्हणाला. "कॉफी घेणार?"

"नको."

सातव्या डावात झालं. आपण फील्डिंगला, तुमचा डावरा पळाला, शॉर्टस्टॉपने लांबून फेकला. मी डोळे मिटले. ढोल होते, पातेली होती, मागे कुणी शिट्टी फुंकत होतं. पण बाबांनी म्हटलं होतं तसंच, कान एका जागी ठेवला की बाकी सगळं मागे सरकतं. ढप्प. मग फट्.

अंपायरने सेफ दिला. सगळं स्टेडियम उठलं, "आउट! आंधळा! डोळ्यांना साबण लाव!"

मी उभी राहिले आणि म्हटलं, "सेफ आहे! पाय आधी पडला!"

खालच्या पायरीवरचा तो दाढीवाला न्हावी वळला. "काय म्हणालात काकू?"

"सेफ. तुला ऐकू येत नाही का? आणि आधी साबण मिळू दे, मग अंपायरच्या डोळ्याला लाव."

"अरे, ही त्या विकलेल्याची बहीण!" कुणीतरी वरून ओरडलं. "रक्त आहे शेवटी!" संत्र्याची सालं आली, शेंगदाण्याची टरफलं आली, एक रिकामी सुरळी कानावर बसली. मी बसले नाही. मी ओरडले, "हो, त्याचीच बहीण! आणि तोही सेफच होता! दोन वर्षांपूर्वीचा, हवानाचा, तोही सेफ होता! माझ्या बापाने ऐकला होता!"

कुणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. पातेलीवाल्या बहिणींनी ताल धरला आणि माझा आवाज त्यात गेला. पण मिग्दालिया सुरळ्यांची टोपली धरून पायरीवर उभी राहिली होती. ती न्हाव्याला म्हणाली, "बसू दे तिला. आज पहिल्यांदा ती आपल्याशी बोलते आहे."

त्यानंतर बाही कुणी ओढली नाही. शेवटचे दोन डाव मी वाट बघितली. एकदा तर अगदी चुरशीचा थ्रो झाला, मी मुद्दाम बाही पुढे केली. काही नाही.

मला वाटलं होतं, त्याने बरं वाटेल.

रविवार, १० मार्च

उबाल्दो फाटकावर घाई करतो आहे. इंजिन सुरू ठेवलं आहे आणि म्हणतो पेट्रोल जळतं. जळू दे. मी पायरीवर बसून लिहिते आहे, अक्षर वाईट आलं तर समजून घे.

सामना आपण जिंकला. शेवटच्या डावात, एक धावेने. सगळे नाचतायत. मी बाबांच्या जागेवर बसले आहे, माझ्या नाही. कुणाच्या बाजूला जागा रिकामी आहे ते आता कळत नाही. आर्सेनिओ मागे आहे, पुढे आलेला नाही, मी बोलावलंही नाही. पत्र लिहिते म्हटल्यावर दुसऱ्या बाजूला तोंड करून बसला आहे.

उबाल्दोने मघाशी आणखी एक सांगितलं. म्हणाला, तू सामन्याला येतोस ओल्गीनमध्ये. तिकीट काढून, वर, अगदी शेवटच्या पायरीवर. आणि डोळे मिटून बसतोस. लोक म्हणतात, झोपला. उबाल्दोला मी म्हटलं, "तो झोपत नाही, खुळ्या, तो काम करतो." त्याला कळलं नाही. तुला कळेल.

मी माफी मागत नाही. मागायची असती तर दार उघडलं असतं. माफी तू मला दे किंवा देऊ नकोस, ते तुझं. माझ्यापाशी काम आहे आणि त्याला आठच दिवसांच्या आत माणूस हवा आहे.

शनिवारी आठ वाजता ते झाकण काढतील. तू काठावर उभा राहा. अंपायरचा निळा शर्ट टाकला नसशील, तो घाल. डोकं तू हातात घे, पुस, पावडर मी आणते, कारखान्यातल्या एकीने तिच्या नातवाची दिली आहे. पण डब्यात ठेवायच्या आधी एक कर. ते माझ्या हाती दे. हो, मी घेईन. मग दोन पावलं मागे सर आणि हात पसर, त्या दिवशी पसरले होतेस तसे, दोन्ही, जमिनीला समांतर. बाबांना दिसणार नाही. त्यांना तेव्हाही दिसलं नव्हतं. मी सांगेन त्यांना. या खेपेला बघून सांगेन.

बाहीवर आज पुन्हा चुना आहे. मी झटकलेला नाही.

गुरुवार, १४ तारीख. आपल्याकडचं तारघर पाचला बंद होतं. तोवर तार यायला हवी, म्हणजे तू त्याच रात्रीच्या गाडीने निघशील आणि शुक्रवारी पोचशील. 'येतो' लिही किंवा 'येत नाही' लिही. तब्येत, रजा, बघतो, कळवतो, असलं काही लिहू नकोस. तू अंपायर आहेस. तिसरा निर्णय नसतो.

सेनाइदा